माळ्यावरचा लुडविग: चमकवायचा की वाजवायचा?

पत्र थोडक्यात: मालवणजवळून एका वाचक भगिनींनी लिहिलंय. त्यांचे वडील १९६० च्या दशकात मुंबईत हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये ड्रम वाजवायचे. ते गेल्यावर ड्रमसेट गावी आणून माळ्यावर ठेवला, त्याला आता तीस वर्षं होत आली. २२ इंची बेस ड्रम, त्यावर बसणारा १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम, एक ‘स्पीड किंग’ पेडल, झांजांचे दोन स्टँड. बिल्ल्यावर अमेरिकी ड्रम कंपनीचं नाव, ‘लुडविग, शिकागो’. यंदा सेट खाली काढला आणि घरात मतं फुटली. मोठा भाऊ म्हणतो, सगळं धातूकाम नव्यानं क्रोम करून दिवाणखान्यात मांडू. मुलगा बँडमध्ये वाजवतो, त्याला हा सेट वापरायचाय. पण टॉम धरणारी जुनी पट्टी डुगडुगते, म्हणून बेस ड्रमला भोकं पाडून आजचा माउंट बसवू म्हणतो. एक खरेदीदार बघून गेला. त्याचं म्हणणं, क्रोम करून ठेवा, जास्त भाव देतो. एक लग (ड्रमच्या अंगावरचा धातूचा तुकडा, ज्यात रॉड फिरतो) तडकलाय, पेडल करकरतं, ड्रमचा पडदा ताणणारे टेन्शन रॉड गंजलेत. लगचे तीन स्क्रू हरवले होते, त्यांच्या जागी भगिनींनी बाजारातून चार मिलिमीटरचे आणून लावले: ‘थोडे सैल वाटतात, पण बसले.’ त्या विचारतात, बाबांची आठवण जपायची तर कोणाचं ऐकू?

ताई,

कोणाचं ऐकायचं ते नंतर बघू. आधी ते तीन स्क्रू काढा, आणि आजच काढा.

‘थोडे सैल, पण बसले’ हे तुम्ही सहज लिहिलंत, पण नेमकं तेच दुखणं आहे. लुडविगचे लग शेलला, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाला, ज्या स्क्रूंनी धरलेले असतात ते अमेरिकी मापाचे, ८-३२ चे. जाडी साधारण ४.१७ मिलिमीटर आणि एका इंचात ३२ आटे, म्हणजे एका फेऱ्याला स्क्रू ०.७९ मिलिमीटर पुढे सरकतो. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो एम-४: जाडी ४ मिलिमीटर, फेऱ्याला ०.७. फरक इतका बारीक की पहिले दोन-तीन फेरे एम-४ आत जातो आणि माणसाला वाटतं, बसला. पुढे आट्यांशी आटे जुळत नाहीत. स्क्रू पोलादाचा, लग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा, म्हणजे मऊ. जरा जोर लावला की पोलाद जस्ताचे आटे खरवडून काढतं, आणि साठ वर्षं टिकलेलं भोक अर्ध्या मिनिटात निकामी होतं. तुम्ही फार आवळले नसतील तर अजून काही बिघडलं नसेल. हलक्या हातानं उलटे फिरवून काढा आणि त्या जागा रिकाम्या ठेवा. तीन स्क्रू कमी असल्यानं तुमचा ड्रम पडणार नाही.

योग्य स्क्रू ओळखायची सोपी रीत: मूळ स्क्रू आणि नवा स्क्रू एकमेकांना चिकटवून खिडकीच्या उजेडासमोर धरा. एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचांत शेवटपर्यंत बसले पाहिजेत. १० मिलिमीटर लांबीत ८-३२ चे साडेबारा आटे भरतात, एम-४ चे सव्वाचौदा. मधेच कुठेतरी दोघांमधून उजेड दिसू लागला की समजायचं, हा आपला नव्हे.

वरच्या टेन्शन रॉडचं गणित वेगळं आहे, आणि तिथे बातमी चांगली आहे. ते १२-२४ मापाचे: जाडी साडेपाच मिलिमीटर, इंचात २४ आटे. एम-५ त्यात लुळा पडतो, एम-६ शिरतच नाही, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानाचा उपयोग नाही. पण आजच्या पर्ल, तामा, यामाहा सेटचे टेन्शन रॉड याच आट्यांचे असतात, म्हणून वाद्यांच्या चांगल्या दुकानात तात्पुरती सोय होते. लांबी डोक्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत मोजून न्या. ‘जुन्या ड्रमचे रॉड’ असं मोघम मागू नका. जर्मनीच्या जुन्या सोनोर ड्रमना एम-६ लागतात, तुमच्या कामाचे नव्हेत.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

तुमच्या घरातल्या तिन्ही मतांच्या तळाशी एक समजूत सारखीच दिसते: सेट आहे तसा राहिला तर वायाच जाणार, काहीतरी मोठं केलंच पाहिजे. भावाला क्रोम हवं, मुलाला भोकं हवीत, खरेदीदाराला तयार माल हवा. पण तुम्ही लिहिलेल्या तक्रारी मी पुन्हा वाचल्या. करकर, गंज, एक तडकलेला लग, डुगडुगणारी पट्टी. यातली एकही तक्रार क्रोम केल्यानं सुटत नाही, आणि एकीलाही भोक पाडायची गरज नाही. म्हणून मी एकच कसोटी सुचवते, आणि जुनं वाद्य घरात असलेल्या प्रत्येकाला तेच सांगेन: जे केल्यावर परत पूर्ववत करता येतं ते बिनधास्त करा, जे परत करता येत नाही ते करू नका. सफाई, ग्रीस, सुटे भाग बदलणं हे पहिल्या गटात. क्रोम उतरवणं, शेल भोसकणं दुसऱ्या गटात.

क्रोमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भावाला समजावताना तुम्हाला ते लागेल. प्लेटिंगवाला जुन्या वस्तूवर थेट नवा मुलामा चढवत नाही. आधी जुना थर रसायनात उतरवतो, मग चाकावर घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतो, मग निकेल, आणि त्यावर क्रोमचा अगदी पातळ थर. लोखंडी खिडकीच्या गजाला हे ठीक आहे. लग मात्र जस्ताचे. आम्लाच्या टाकीत जस्त स्वतःच विरघळायला लागतं. जिथे आज क्रोमवर मिरीएवढा फोड दिसतो तिथे थर उतरल्यावर खाली खड्डा निघतो. तो सपाट करायला चाक चालवलं की लगच्या कडा, मधली उठावदार रेघ, कोरलेली अक्षरं सगळं बोथट होतं. आट्यांत नवा थर साचला तर नट अडकतात. आणि बदल्यात जी चमक मिळते ती आरशासारखी एकसुरी असते. खरेदीदाराचं बोलणं मला म्हणूनच खटकलं. जुन्या ड्रमचा जाणकार संग्राहक मूळ मुलामा बघतो, थोडे डाग असले तरी. नव्यानं क्रोम केलेल्या सेटची किंमत त्याच्या लेखी उतरते.

दुसरं, हे ओरखडे कुठून आले याचा विचार करा. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. ड्रमच्या बाजूला कावस लॉर्ड आणि त्यांचा मुलगा बुजी ही पारशी घरातली नावं अजून आदरानं घेतली जातात. या मंडळींचे सेट एका जागी मांडलेले नसत. संध्याकाळी टॅक्सीतून न्यायचे, जोडायचे, मध्यरात्रीनंतर सोडायचे. बेस ड्रमचा पडदा दाबून धरणाऱ्या लाकडी रिंगवर, तिला पकडणाऱ्या धातूच्या पंज्यांखाली जिथे रंग उडालाय, हातानं फिरवायच्या टी-रॉडच्या कानांवरचं क्रोम जिथे बोटांनी पातळ झालंय, तो तुमच्या बाबांच्या हातांचा माग आहे. आठवण जपायची म्हणता, ती तिथे आहे.

मग करायचं काय? सफाई. ती नीट केलीत तर भावालाही पटेल असा सेट दिसेल.

तुमच्या मापांवरून हा ‘सुपर क्लासिक’ मांडणीचा सेट दिसतो. म्हणजे टॉमला वर ६ खाली ६, फ्लोअर टॉमला ८ आणि ८, बेसला दोन्ही बाजूंना १०-१० लग असायला हवेत: एकूण ४८. किल्लीनं फिरवायचे रॉड २८, बेसचे टी-रॉड २० आणि तितकेच पंजे. कामाला बसण्याआधी ही मोजदाद करा, काय हरवलंय ते तेव्हाच कळेल.

एका वेळी एकच ड्रम, आणि टॉमपासून सुरुवात. खाली जुनी गोधडी अंथरा. खोलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. इडलीपात्राच्या ताटल्या घ्या; एका खळग्यात एका लगचा सगळा संसार: लग, दोन स्क्रू, वॉशर, आतला नट, स्प्रिंग. जो भाग जिथून निघाला तिथेच परत जायला हवा, कारण साठ वर्षांत प्रत्येक रॉड आपापल्या नटाशी घासून जुळलेला आहे. स्क्रू हातातल्या स्क्रूड्रायव्हरनंच काढा, ड्रिल मशीननं नाही. घट्ट बसलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबा. तेल लाकडावर ओघळू देऊ नका, टोकाला कापूस गुंडाळलेल्या काडीनं लावा.

लग आतून उघडा दिसला की एक बारीक स्प्रिंग दिसेल, ती नटाला जागेवर धरते. वाजवताना हीच स्प्रिंग गुणगुणते आणि लोक उगाच हेडला, म्हणजे ड्रमच्या पडद्याला, दोष देतात. कारखान्यात तिच्याभोवती बहुधा फेल्टचा तुकडा भरलेला असतो. आता तो वाळवीनं खाल्ल्यासारखा झाला असेल. नवा फेल्ट कापून भरा. फोम नको, दमट हवेत दहा-बारा वर्षांत त्याचा चिकट लगदा होतो. कापूस नको, तो ओल धरून ठेवतो.

लग स्वतः कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, मऊ टूथब्रशनं धुवा आणि लगेच कोरडे करा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लगला लावू नका. देवाची समई ज्यानं लखलखते त्यानंच जस्त काळं पडतं आणि फोडांच्या कडेनं क्रोमचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे घराघरांत झालेलं नुकसान हेच आहे, आणि ते मायेपोटी होतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

रिंगा कशाच्या आहेत ते चुंबकानं बघा. चुंबक पक्का चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर बहुतेक पितळेवर क्रोम. पोलादी रिंगेवर तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगाळून गोळी करा, पाण्यात बुडवून हलकेच घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही, आणि घासताना तयार होणारी करडी पेस्ट गंज उचलते. ती पेस्ट ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा आणि गाडीला लावतात त्या मेणाचा एक पातळ हात द्या. खड्डे राहतील, लालपणा जाईल. एखादा भाग निळसर न दिसता किंचित पिवळट, उबदार दिसला तर तो निकेलचा असू शकतो. तिथे फॉइल नको, साबणपाणी आणि मऊ फडकं पुरे. निकेल मऊ असतं, घासत राहिलात तर खालचं पितळ वर येतं.

रिंग धुवून झाली की ती स्वयंपाकाच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सपाट ठेवा आणि समोरासमोर बोटांनी दाबा. टकटक हलली तर रिंग पिळलेली आहे. मग मोजपट्टीनं चार दिशांनी व्यास घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक टेन्शनखाली खपून जातो. त्याहून जास्त असेल तर ती रिंग जपून ठेवा आणि वाजवायला दुसरी घ्या. ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका.

रॉड एका बरणीत केरोसिनमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी ब्रशनं आटे साफ करा, फडक्यानं पुसा. तरी गंज राहिला तर पाऊण लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून दोन तास, त्याहून जास्त नाही. नंतर सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच उन्हात वाळवा. हे फक्त पोलादी रॉडसाठी, पुन्हा सांगते, लगसाठी नाही. मग प्रत्येक रॉड काचेवर लोळवून बघा. वाकडा असला की डुलतो. आट्यांना पांढऱ्या लिथियम ग्रीसचा किंवा साध्या पेट्रोलियम जेलीचा तांदळाएवढा ठिपका पुरतो. खोबरेल तेल नको. ते सुरुवातीला गुळगुळीत लागतं आणि वर्षभरात चिकट थर होऊन बसतं.

जोडताना लगचे स्क्रू आधी सगळे बोटांनी, मग स्क्रूड्रायव्हरनं टेकेपर्यंत, मग पाव फेरा. इतकंच. लाकूड आणि जस्त दोन्ही दाबली जातात, ‘घट्ट’ची भूक कधीच भागत नाही. रॉड नटात किमान आठ फेरे गेला पाहिजे, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर पकड. पहिले चार-पाच फेरे किल्ली न लावता बोटांनीच द्या. बोटांना अडखळलं तर आटे तिरके लागलेत; उलटा फिरवा, टक् असा बारीक आवाज आला की तिथून पुन्हा सुरू करा.

शेलवरचं रंगीत आवरण सेल्युलॉइडच्या जातीचं आहे. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल त्याच्या जवळ आणू नका, आणि ‘वाळायला’ म्हणून शेल अंगणात उन्हात ठेवू नका. आवरण आकसतं, सांधा उघडतो.

पेडलकडे वळू, कारण ते खरंच सुंदर यंत्र आहे. स्पीड किंग १९३७ मध्ये आलं. त्याची खासियत अशी की स्प्रिंग बाहेर लोंबत नाही. दोन्ही खांब पोकळ असतात आणि प्रत्येकात एक दाबली जाणारी स्प्रिंग उभी असते. पाय खाली गेला की वरचा दांडा फिरतो आणि स्प्रिंगवरच्या दट्ट्याला खाली रेटतो. करकर तिथूनच येते: सुकलेली स्प्रिंग खांबाच्या आतल्या भिंतीला घासते. लोक वरच्या बेअरिंगमध्ये तेलाचे थेंब सोडत राहतात. आठवडाभर आवाज थांबतो, मग तेल धूळ खाली ओढून नेतं आणि करकर दुप्पट होते.

पेडल उलटं करा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक रुंद स्क्रू आहे. खोलण्याआधी तो आत वळत वळत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा, डाव्याचे आणि उजव्याचे आकडे कागदावर लिहा, मग खोला. शेवटच्या फेऱ्यांना स्क्रूवर अंगठा दाबून ठेवा, आतून स्प्रिंग ढकलत असते. स्प्रिंग आणि दट्ट्या बाहेर आले की जुनं ग्रीस दिसेल, चिक्कीसारखं घट्ट. केरोसिन आणि बाटली धुवायच्या ब्रशनं खांब आतून साफ करा, पूर्ण सुकू द्या. स्प्रिंगला चीर आहे का ते उजेडात वळवून बघा. एक मोडली असेल तरी दोन्ही बदला, नाहीतर पाय एका बाजूला ओढला जातो. मग स्प्रिंगला सगळीकडून ग्रीस माखा, दट्ट्याच्या डोक्याला थोडं, आणि लिहिलेल्या फेऱ्यांवर परत आणा. बाबांनी ठेवलेला ताण आधी तसाच ठेवा. मुलाला जड-हलकं करायचं असेल तर दोन्ही खांबांना सारखेच, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं. बीटरचा, म्हणजे ड्रमवर आदळणाऱ्या हातोडीचा, फेल्ट दगड झाला असेल तर बीटर नवा घ्या, जुना डब्यात. आणि पेडलची पकड बेसच्या लाकडी रिंगला जिथे चावते तिथे चपलेच्या तळाचं पातळ रबर मधे घाला.

तडकलेल्या लगचं उत्तर लहान आहे: तो जोडू नका. हे मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतं, वेल्डिंगवाल्याकडे नेलात तर गोळा परत येईल. चिकटवलेला जोड रॉडच्या ताणाखाली उघडतो. त्या घडणीचे क्लासिक लग लुडविग आजही बनवते, आणि जुने सुटेही मिळतात; मागवण्याआधी शेलवरच्या दोन भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत व्हर्नियरनं मोजून पाठवा. तो येईपर्यंत, माप जुळत असेल तर, फ्लोअर टॉमच्या खालच्या, भिंतीकडच्या बाजूचा धड लग इथे आणा आणि तडकलेला तिकडे लावा, फक्त जागा झाकायला. त्यात रॉड घालू नका आणि ती बाजू आवळू नका. बहुतेक लग तडकतात ते मारानं नव्हे तर एकाच रॉडला जास्त ताणल्यानं, म्हणून स्वर लावताना समोरासमोरच्या जोड्यांनी, पाव पाव फेऱ्यानं जा.

उरली ती डुगडुगणारी पट्टी. मुलाची अडचण खरी आहे, ती उडवून लावू नका. बेसवर आडवी रूळपट्टी आणि तिच्यावर सरकणारा हात ही रचना हलक्या हातानं वाजवणाऱ्या काळासाठी होती. आजच्या जोरानं वाजवलं की टॉम खाली कलतो, मग वादक नटाचा कान आवळत जातो, आणि एक दिवस सरकत्या तुकड्याला चीर जाते. पण इलाज भोक नव्हे. १३ इंची टॉम सरळ स्नेअर ड्रमच्या स्टँडवर ठेवता येतो. तीन हात त्याला नीट धरतात, उंची आणि कल दोन्ही मिळतात. स्टँडचे हात किती उघडतात तेवढं दुकानात बघून घ्या, आणि पकडीची रबरं खालच्या रिंगेला घट्ट दाबू नका, आवाज मरतो. त्याला स्टँडची गर्दी नको असेल तर टॉमला टेन्शन रॉडवरून टांगणारी चौकट मिळते, ती क्लॅम्पनं झांजेच्या स्टँडला अडकते. शेलला स्क्रू लागत नाही. दोन्ही उपाय सुटीच्या दिवशी दहा मिनिटांत काढून बाबांची मूळ पट्टी परत लावता येते. पट्टी साफ करून बेसवरच राहू द्या.

हे शेल तीन थरांचे, पातळ, कडेला आतून मजबुतीची पट्टी लावलेले आहेत. नवीन माउंटचा सगळा भार दोन-चार बोल्टवर आला की शेल तिथे आत दबतो. मुलाला हे तांत्रिक कारण सांगा; ‘आजोबांची वस्तू’ एवढंच सांगितलंत तर त्याला ते भावनिक दडपण वाटेल, आणि तो वादक आहे, त्याला कारण पटेल. जुने सपाट पायांचे स्टँड मात्र त्याच्या जड झांजांखाली देऊ नका, ते लवंडतात. तेवढा एक आधुनिक स्टँड त्यानं आणावा.

आता दिवाणखाना की वाजवणं. तुम्हाला वाटतंय की वाजवला तर झिजेल आणि मांडून ठेवला तर टिकेल. मालवणच्या हवेत मला उलटं वाटतं. खारी हवा न हललेल्या आट्यांत मुक्काम करते. जो सेट महिन्यातून दोनदा वाजतो त्याचे रॉड फिरतात, कोणीतरी पुसतं, सैल झालेलं लक्षात येतं. काचेमागचा सेट पाच वर्षांनी उघडला की नट रॉडसकट फिरायला लागतो. म्हणून भावाला दिवाणखाना द्या आणि मुलाला चावी, म्हणजे ड्रमची किल्ली. दिसूही दे, वाजूही दे. पावसाळ्यापूर्वी मेणाचा एक हात, पावसाळ्यात भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीवरून वर, वर सुती चादर. प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो. हेड पूर्ण सैल सोडू नका. मध्यम ताण राहिला की शेल गोल राहतो. मिठागरासारख्या हवेत महिन्यातून एकदा रिंगा कोरड्या फडक्यानं पुसल्या तरी पुष्कळ झालं.

विकायचंच ठरलं तर तो निर्णय चुकीचा नाही, त्यात बाबांचा अपमान होत नाही. पण सफाईनंतर, घाईत नाही, आणि निदान दोघांना दाखवून. बदललेला प्रत्येक मूळ भाग, तडकलेला लगसुद्धा, एका डब्यात नाव लिहून सेटबरोबर ठेवा.

शेवटचं एक. आई सांगते की सेट ‘लग्नाच्या आधीचा’ आहे आणि भाऊ म्हणतो नंतरचा, असं तुम्ही सहज लिहिलंय. बिल्ल्यावरच्या आकड्यावरून वाद मिटवू नका. लुडविगनं आकडे साधारण १९६३ च्या अखेरीपासून घातले, पण बिल्ले क्रमानं लागले नाहीत. त्याऐवजी हेड उतरवल्यावर शेलच्या आत टॉर्च तिरका धरा. त्या काळच्या बऱ्याच शेलमध्ये लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो, फिका, कधी अर्धाच उठलेला. शेल आतून पुसायचं काम तो सापडेपर्यंत, किंवा नाही याची खात्री होईपर्यंत, अजिबात करू नका. ओलं फडकं फिरलं की ती शाई जाते. सापडला तर आधी फोटो काढा आणि आईला दाखवा.